मदत माणसांवर खर्च झाली की टिकते

परदेशी निधी संपला की त्यातून उभी राहिलेली सरकारी संगणक-प्रणालीही गुंडाळली जाते, असं म्हटलं जातं आणि ते पुष्कळ ठिकाणी खरं आहे. पण श्रीलंकेचं उदाहरण मला वेगळं वाटतं.

डीएचआयएस२ ही आरोग्याची आकडेवारी गोळा करणारी मुक्तस्रोत, म्हणजे कुणालाही वापरता आणि बदलता येणारी, संगणक-प्रणाली. तिची मुळं वर्णभेदोत्तर दक्षिण आफ्रिकेत, १९९०च्या दशकातली. पुढे ओस्लो विद्यापीठाने ती वाढवली आणि नॉर्वे सरकारच्या नोराड या संस्थेने पैसा दिला. त्यातला काही पैसा कोलंबो विद्यापीठातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमालाही मिळाला. तिथे डॉक्टरांनाच आरोग्य-माहितीशास्त्र शिकवलं गेलं! मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच, कारण ही माणसं नंतर त्यांच्याच आरोग्य खात्यात कामाला होती.

म्हणून जानेवारी २०२० मध्ये कोरोनाची चाहूल लागताच विमानतळावर उतरणाऱ्या प्रवाशांच्या नोंदीची सोय त्यांनी याच प्रणालीवर काही दिवसांत उभी केली. बाहेरून सल्लागार येण्याची वाट पाहावी लागली नाही. ते काम मग इतर देशांनीही उचललं. खुद्द नॉर्वेतल्या अनेक नगरपालिकांनी संपर्कशोधासाठी, म्हणजे बाधितांच्या संपर्कात आलेल्यांना शोधण्यासाठी, डीएचआयएस२ वापरलं. मदत देणाऱ्याच्याच दारी ती परत आली.

त्यामुळे अशा प्रकल्पाबद्दल माझा पहिला प्रश्न सर्व्हर किती घेतले हा नसतो. आज्ञावलीत बदल करू शकणारे किती लोक त्या खात्याच्या पगारावर आहेत, हे आधी विचारायला हवं. निविदेत नेमका हाच रकाना नसतो.