जानेवारीत उजनीचे रोहित पक्षी : ज्येष्ठांना घेऊन कसे जावे?

प्रश्न : सोलापूरहून आई-वडील आणि दोन मुलांसह एका रविवारी उजनी जलाशयाकाठच्या भिगवणला जायचे आहे. वडिलांना गुडघेदुखीमुळे फार चालवत नाही, तरी रोहित पक्षी (फ्लेमिंगो) जवळून पाहण्याची त्यांची मनापासून इच्छा आहे. कोठे जावे?

उत्तर १ : भिगवणजवळचे कुंभारगाव किंवा डिकसळ गाठावे, तेथील मच्छीमार आपल्या नावेतून पक्षी दाखवतात. काठ चिखलाचा असतो, म्हणून वडिलांना नावेत चढताना दोघांनी आधार द्यावा. शक्यतो पहाटेच निघावे. रोहित उथळ पाण्यात मान खाली घालून, वाकडी चोच उलटी धरून चिखलातले बारीक जीव गाळून खातो, आणि नाव फार जवळ गेली तर सारा थवा खाणे सोडून उडतो. त्यामुळे अंतर राखण्याची विनंती नावाड्याला आपणच आधी करावी. छायाचित्रासाठी थवा उडवायला लावणारे पर्यटक पाहिले की फार वाईट वाटते.

उत्तर २ : त्याच भागातले पळसदेवचे जुने मंदिर 1980 साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या पाण्यात गेले. पाणी ओसरल्यावर, बहुधा उन्हाळ्यातच, ते उघडे पडते. त्यामुळे जानेवारीत मुलांना मंदिर दिसण्याची आशा लावू नये.

उत्तर ३ : जेवणात चिलापी ही मासळी अवश्य घ्यावी, मात्र मुलांना काटे काढून द्यावेत. एवढा प्रवास वडिलांना झेपणार नसेल, तर तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परगा तलाव सोलापूरहून जवळ आहे आणि हिवाळ्यात तेथेही पाणपक्षी दिसतात.