क्रूझच्या किनारा-सहलीत डोक्याला मार लागल्यास दवाखाना जहाजावरचा की गावातला?

धागालेखक: 2011 साली बर्म्युडात 'एक्स्प्लोरर ऑफ द सीज' जहाजावरील एक वृद्ध प्रवासी धक्क्याजवळ ट्रॉलीत चढताना पडला. त्याच्या मुलीने केलेल्या दाव्यानुसार, डोक्याला मार लागलेला असूनही जहाजावरच्या दवाखान्यातील नर्सने त्याला विश्रांतीसाठी खोलीत पाठवले, डॉक्टरांची तपासणी कित्येक तास लांबली आणि आठवड्याभरात तो दगावला. माझे स्पष्ट मत असे आहे की डोक्याला मार लागला असेल, तर जहाजाकडे परतूच नये. बहुतेक जहाजांवर एक्स-रे काढता येतो, पण सीटी स्कॅनची सोय नसते, आणि कवटीच्या आतला रक्तस्राव एक्स-रेत दिसत नाही. सुरुवातीला माणूस नीट बोलतो, चहासुद्धा मागतो, त्यामुळे घरचे निर्धास्त होतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या ज्येष्ठांच्या बाबतीत ही निर्धास्ती जिवावर बेतू शकते.

प्रतिसाद 1: मी सहमत नाही. कॅरिबियनमधल्या लहान बेटांवर न्यूरोसर्जन तर दूरच, स्कॅनची सोयही असेलच असे नाही. उलट जहाजावरच्या डॉक्टरांना तातडीच्या उपचारांचा अनुभव असतो. शिवाय काही बंदरांत आपल्याला उतरू देतात ते केवळ जहाजाचे प्रवासी म्हणून, एका दिवसापुरते. संध्याकाळी जहाज निघून गेले आणि आई रुग्णालयात राहिली, तर व्हिसाशिवाय परक्या देशात मुलाने काय करावे? रुग्णालय अनामत मागेल, ती वेगळीच.

धागालेखक: व्हिसाची अडचण खरी आहे, पण ती सोडवता येते, अशा वेळी धावपळ करायला क्रूझ कंपनीचा पोर्ट एजंट, म्हणजे स्थानिक प्रतिनिधी, बंदरावर असतो. रक्तस्राव मात्र कागदपत्रांसाठी थांबत नाही. बेटावर सोय नसेल, तर विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर तिथूनच फोन करावा, कारण भर समुद्रातून रुग्णाला हलवणे त्याहून कठीण असते. म्हणून विमा घेताना वैद्यकीय स्थलांतरासाठी, म्हणजे रुग्णाला दुसरीकडच्या रुग्णालयात हलवण्यासाठी, किती रक्कम मिळते ते आधी पाहावे.

प्रतिसाद 2: बर्म्युडाच्या प्रकरणात नोव्हेंबर 2014 मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने, जहाजावरच्या वैद्यकीय कर्मचाऱ्यांच्या हलगर्जीपणाबद्दल कंपनीवर दावा चालवता येतो, असा निर्णय दिला. त्याने कोणाचा दोष सिद्ध झाला नाही, पण डॉक्टर म्हणजे स्वतंत्र कंत्राटदार, आमचा नोकर नव्हे, असे सांगून हात झटकणे अवघड झाले. सहलीच्या बसचालकाबाबत तीच सबब तिकिटाच्या अटींमध्ये आजही छापलेली असते. अनेक अमेरिकी कंपन्यांच्या अटींनुसार दुखापतीची लेखी सूचना सहा महिन्यांत आणि दावा एका वर्षात, बहुधा मायामीतच, करावा लागतो. त्यामुळे उपचार कुठेही घ्या, जहाजावर घटनेची नोंद करून तिची प्रत मागून घ्या.

प्रतिसाद 1: नोंदीचा मुद्दा पूर्ण मान्य. डोक्याच्या माराबाबतही मी माघार घेतो. मात्र मुरगळलेला पाय किंवा खरचटलेला गुडघा घेऊन अनोळखी गावात रुग्णालय शोधत फिरण्यापेक्षा जहाज गाठणेच शहाणपणाचे, यावर मी ठाम आहे.