मदत हवी आहे: प्रतिस्पर्ध्याची पेटंटची नोटीस आली आहे, लायसन्सवर सही करावी का?

नमस्कार मंडळी,

आम्ही रासायनिक पंपांची मेकॅनिकल सील बनवतो, म्हणजे पंपाच्या फिरत्या दांड्याभोवती (शाफ्ट) गळती थांबवणारे भाग. गेल्या महिन्यात याच धंद्यातल्या एका मोठ्या उत्पादकाच्या वकिलाची नोटीस आली. आमच्या एका सीलमुळे त्यांच्या पेटंटचं उल्लंघन होतं म्हणे. सोबत लायसन्सचा मसुदा: ३० दिवसांत सही करा, नाहीतर मनाई हुकूम आणू.

पेटंट मी चार वेळा वाचलं. आकृत्या बघून धडकीच भरते, इतक्या त्या आमच्या मालासारख्या आहेत. पण संरक्षण मिळतं ते दाव्यांना (शोधाची हद्द शब्दांत सांगणाऱ्या कलमांना), आकृत्यांना नव्हे. पहिल्या दाव्यात फिरती चकती, स्थिर चकती, दाब देणारी स्प्रिंग आणि शाफ्टवर सरकणारी ओ-रिंग (गोल रबरी कडी) असे चार घटक आहेत. आमच्याकडे शेवटचे दोन नाहीतच. दाब धातूचा बेलोज (घड्यांची लवचिक नळी) देतो, आणि ओ-रिंग जागेवरून हलत नाही. त्यांचे वकील म्हणतात, काम तेच, परिणाम तोच, म्हणून बेलोज स्प्रिंगला समतुल्य. पण समतुल्य ठरायला पद्धतही तीच हवी ना? ओ-रिंग सरकते तिथे शाफ्टला चर पडतो. तो टाळायलाच आम्ही बेलोजकडे वळलो!

मसुदा तर फारच एकतर्फी वाटतो. पेटंटची मुदत अर्जापासून २० वर्षं, त्यातली ६ उरलीत. करार मात्र १० वर्षांचा. रॉयल्टी आमच्या सगळ्या विक्रीवर, मालात हे सील असो वा नसो. वर आम्ही केलेली प्रत्येक सुधारणा त्यांना फुकट द्यायची आणि पेटंटच्या वैधतेला कधी आव्हान द्यायचं नाही.

भागीदार म्हणतात, सही करून मोकळे होऊ. त्यांची भीती खोटी नाही. पोलरॉइडने १९७६ मध्ये पेटंटचा खटला भरल्यावर १९८६ मध्ये कोडॅकसारख्या कंपनीला झटपट फोटोचे कॅमेरे बंद करावे लागले, भरपाई वेगळीच. आमचा तर निम्मा धंदा या एका सीलवर आहे.

कपाटात एक जुना छापील कॅटलॉग सापडलाय. त्यात जवळजवळ त्यांच्या दाव्यासारखीच रचना आहे, आणि छपाईचं साल त्यांच्या अर्जाच्या आधीचं आहे, म्हणजे त्यांचा शोध नवा नव्हताच असं म्हणता येईल. हा पुरावा आत्ताच उत्तरात दाखवावा, की वैधतेला आव्हान देईपर्यंत राखून ठेवावा? वाटाघाटी चालू ठेवल्या तर आम्ही उल्लंघन कबूल केलं असा अर्थ निघेल का? आणि उल्लंघन होत नाही असं कोर्टाकडून आपणहून जाहीर करून घेण्याचा मार्ग कुणी वापरला आहे का? अशा नोटिशीला कुणी तोंड दिलं असेल तर कृपया लिहा. उत्तराला १२ दिवस उरलेत.