जुन्या रहस्यकथेचं ई-बुक विकतच मिळत नसेल, तर पीडीएफ उतरवणं चोरी का?

ओलागांधी
रद्दीवाल्याकडून वीस रुपयांना एक जुनी रहस्यकथा आणली. पानं तपकिरी, कोपरा धरला की मोडतो, आत कुठल्याशा वाचनालयाचा शिक्का. आणि शेवटची आठ पानं गायब! लेखक हयात नाहीत, प्रकाशन कधीच बंद पडलंय. किंडल, गूगल प्ले, बुकगंगा, सगळं पालथं घातलं. टेलिग्रामवर मात्र अख्खी पीडीएफ पडलीय. पैसे द्यायला मी तयार आहे, घ्यायलाच कुणी नाही. मग उतरवली तर बिघडलं कुठं?

तळटीप
बिघडलं तर. लेखक गेल्याच्या पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं कॉपीराइटचा हक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन २०११ पासून खुलं. विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथालयात खुशाल वाचा. रहस्यकथाकार बाबूराव अर्णाळकर गेले १९९६ साली, म्हणजे २०५६ संपेपर्यंत थांबायचं. दुकानात नाही म्हणून माल बेवारशी होत नाही.

ओलागांधी
खुनी कोण हे कळायला मी नव्वदी गाठू?

खमंग_काकडी
मुळात ही मुदत ५० वर्षांची होती हो. टागोरांचे हक्क १९९१ अखेर संपत आले, म्हणून कायद्यात १० वर्षं वाढवली. वाढ झाली टागोरांमुळे, अडकली ही वीस रुपयेवाली. पीडीएफवाल्यांनी स्कॅन केली नसती तर वाळवीनं वाचली असती.

नातसून
मी पलीकडच्या बाजूची. आमचे आजेसासरे कादंबऱ्या लिहायचे. आज वारस सात. दोघं परदेशात, एकाशी बोलणं नाही. ई-बुकला सगळ्यांच्या सह्या हव्यात. जुन्या करारात नुसतं ‘सर्व आवृत्त्या’ लिहिलंय, त्यात ई-बुक येतं का यावर प्रकाशकाशी दोन वर्षं वाद चालू आहे. त्यात तो म्हणतो, फुकट पीडीएफ फिरतेय, मग टायपिंग आणि मुद्रितशोधनाचे पैसे कसे निघणार? तुमच्या त्या एका डाउनलोडचं ओझं आमच्याकडे असं येतं.

खमंग_काकडी
ताई, सात सह्या आम्ही अडवल्या का?

तळटीप
कायद्यात वाट आहे. कॉपीराइट कायद्याचं कलम ३१-अ: लेखक हयात नाही किंवा सापडत नाही आणि पुस्तक लोकांपर्यंत पोचत नाही, तर छापण्याच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. आधी देशभर खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यायची.

ओलागांधी
मराठी पुस्तकासाठी इंग्रजी पेपरात जाहिरात! वीस रुपयांचं पुस्तक आहे हो.

नातसून
त्यापेक्षा दादरच्या किंवा ठाण्याच्या ग्रंथसंग्रहालयात विचारा. जुने अंक, जुनी पुस्तकं तिथं सापडतात. तिथंच बसून आठ पानं वाचायला कुणाची ना नाही.

खमंग_काकडी
नाव सांगा पुस्तकाचं. आमच्या माळ्यावर असेल तर त्या आठ पानांचे फोटो पाठवतो.

तळटीप
फोटो म्हणजे प्रतच झाली की.

ओलागांधी
मग फोन करतो, वाचून दाखवा. पण खुनी आधी सांगू नका.