वॅग्नरसारख्या भाडोत्री फौजांचा तपास पत्रकारांनी करावा का? माझं मत: करावा, आणि पैशापासून

रामदासपेठकर:
परवा बर्डीवर चहा घेताना एक मित्र म्हणे वॅग्नर प्रायव्हेट कंपनी होती, रशियन सरकारचा काय संबंध. अरे राजेहो, 27 जून 2023 ला खुद्द पुतिन बोलले की वॅग्नरचा सगळा खर्च सरकारनं केला, मे 2022 ते मे 2023 मधे फक्त पगार अन् बक्षिसांवर 86 अब्ज रुबल. त्याच्या आधी वॅग्नरचा मालक प्रिगोझिन वर्षानुवर्षं माझा वॅग्नरशी संबंधच नाही म्हणत होता, लंडनमधे एका शोधपत्रकारावर दावा ठोकला, अन् सप्टेंबर 2022 मधे कबूल केलं की 2014 ला मीच काढली. रशियाच्या कायद्यात भाडोत्री सैनिकी गुन्हा आहे, म्हणजे फौज कागदावर नव्हतीच, सिरियात माणूस मेला की सरकार हात झटकायला मोकळं. म्हणून बंदूकवाल्याच्या मागं कशाला लागता, पगार कोण देते, विमान कोणाचं, खाण कोणाला मिळाली ते शोधा. 2017 मधेच सेंट पीटर्सबर्गच्या फोंटांका या न्यूज साइटनं छापलं होतं की सिरियातल्या तेलविहिरी सोडवून दिल्या की उत्पन्नाचा 25 टक्के वाटा प्रिगोझिनशी जोडलेल्या कंपनीला.

मिहानवाला:
नाही पटलं भाऊ. जुलै 2018 मधे तीन रशियन पत्रकार हेच शोधायला मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात गेले, रस्त्यात गोळ्या घालून मारले, काय मिळालं? अन् एकट्या रशियालाच काहून धरता? ब्लॅकवॉटर या अमेरिकन खाजगी सुरक्षा कंपनीच्या माणसांनी 2007 मधे बगदादच्या निसूर चौकात 17 जण मारले, चौघांना शिक्षा झाली अन् 2020 मधे ट्रम्पनं माफी देऊन टाकली. आपल्या गडचिरोलीला लागून बस्तरमधे सलवा जुडूम, म्हणजे गावकऱ्यांना हत्यारं देऊन नक्षल्यांविरुद्ध उभं करणं, चाललं तेव्हा कोण बोललं?

धरमपेठ_मेघना:
बोलले ना, कोर्टात गेले! 5 जुलै 2011 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचा, गावच्या पोरांना 3000 रुपये महिना मानधनावर एसपीओ (विशेष पोलीस अधिकारी) करून बंदुका दिल्या ते घटनाबाह्य ठरवलं. मानधन सरकारी हिशोबात होतं म्हणून जाब विचारता आला, ब्लॅकवॉटरचंही अमेरिकन सरकारशी कंत्राट होतं म्हणून खटला तरी उभा राहिला, माफी मलाही चुकीचीच वाटते. पण वॅग्नर तर कागदावरच नव्हती, मग ती जिथं लढली त्या पश्चिम आफ्रिकेतल्या मालीच्या गावकऱ्यानं कोणाच्या दारात जायचं?

मिहानवाला:
मग यूएननं करावं, त्यांच्याकडे ताकद आहे. पत्रकारांनी जीव काहून घालावा?

रामदासपेठकर:
केलं की. मालीतल्या मोउरा गावात मार्च 2022 मधे किमान 500 माणसं मारली, असा यूएनचा अहवाल मे 2023 ला आला. टीमला गावात जाऊच दिलं नाही, मुलाखती अन् सॅटेलाइट फोटोवर काम केलं, तर माली सरकारनं हेरगिरीचा आरोप लावला. आणि इतकं करूनही अहवालात वॅग्नरवर ठपका नाही, मालीच्या सैन्यासोबत 'परदेशी लष्करी माणसं' होती एवढंच.

मिहानवाला:
हे मान्य, नाव यायलाच पाहिजे. पण त्यासाठी रिपोर्टर पाठवू नका तिथं, विमानांच्या नोंदी अन् कंपन्यांचे कागद घरी बसूनही काढता येतात.