ड्राफ्टमध्ये सर्वोत्तम खेळाडू दुबळ्या संघाकडे का जाते?

सात रस्ता (प्रश्न)

माझी भाची अकरावीत शिकते आणि सोलापूर जिल्ह्याच्या संघातून बास्केटबॉल खेळते. अमेरिकेतील महिलांच्या व्यावसायिक लीगचा, म्हणजे डब्ल्यूएनबीएचा, ड्राफ्ट (संघांनी ठरलेल्या क्रमाने नव्या खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम) आपल्याकडे पहाटे पाचच्या सुमारास सुरू होतो आणि ती तो न चुकता पाहते. २०२५ मध्ये पेज ब्यूकर्स हिला डॅलस विंग्जने पहिल्या क्रमांकावर निवडले, तेव्हापासून एका प्रश्नाने तिने मला भंडावून सोडले आहे. आपल्या महिला प्रीमियर लीगमध्ये लिलाव होतो, ज्याला खेळाडू हवी तो बोली वाढवतो आणि तिच्या गुणांना साजेसा मोबदला तिला मिळतो. ड्राफ्टमध्ये मात्र त्या वर्षीची सर्वोत्तम खेळाडू हमखास हरणाऱ्या संघाच्या पदरात पडते, तिला संघ निवडता येत नाही आणि पगारही आधीच ठरलेला असतो. हा खेळाडूवर अन्याय नव्हे का? शिवाय इथल्या मुलीला त्या यादीपर्यंत पोहोचण्याची काही वाट आहे का, हेही जाणकारांनी सविस्तर सांगावे.

होटगी रोड

लिलाव आणि ड्राफ्ट या दोन्ही पद्धतींत संघांची ताकद बरोबरीत राहावी हाच हेतू असतो. लिलावात प्रत्येक संघाला खर्चाची सारखी मर्यादा घालून ती बरोबरी साधतात. ड्राफ्टमध्ये ती निवडीच्या क्रमातून साधली जाते. दर एप्रिलमध्ये होणाऱ्या या ड्राफ्टच्या तीन फेऱ्या असतात आणि प्ले-ऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या विजेतेपदाच्या फेऱ्यांत, न पोहोचलेले संघ आधी निवड करतात.

मात्र तळाच्या संघाला पहिला क्रमांक आपोआप मिळतो, असे नाही. त्यासाठी सोडत काढली जाते आणि ती पाहण्यासारखी असते. एका यंत्रात १ ते १४ आकड्यांचे चेंडू घालून त्यांतले चार बाहेर काढतात. चार चेंडूंच्या एकूण १,००१ जुळण्या होतात. त्यांतली एक बाद धरून उरलेल्या १,००० जुळण्या सोडतीतल्या संघांना आधीच वाटून दिलेल्या असतात. चार संघांच्या सोडतीत सर्वांत दुबळ्या संघाच्या वाट्याला ४४२ जुळण्या येत, म्हणजे पहिला क्रमांक हुकण्याचीच शक्यता अधिक असे. दुबळेपणा ठरवताना एका नव्हे, तर मागील दोन हंगामांची कामगिरी एकत्र धरतात, त्यामुळे चांगल्या खेळाडूच्या आशेने एखादा हंगाम मुद्दाम हरण्यात संघाचा फारसा फायदा राहत नाही. २०२५ च्या ड्राफ्टसाठी सर्वाधिक संधी लॉस एंजेलिस स्पार्क्सची होती, पण सोडत डॅलसला लागली.

या पद्धतीने काय साधते, हे इंडियाना फीव्हरकडे पाहून कळते. २०२२ मध्ये त्यांनी ३६ पैकी केवळ ५ सामने जिंकले होते. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये त्यांना अलिया बोस्टन मिळाली, २०२४ मध्ये केटलिन क्लार्क मिळाली आणि त्याच वर्षी हा संघ २०१६ नंतर प्रथमच प्ले-ऑफमध्ये पोहोचला. लीग टिकायची तर तळाच्या शहरातील प्रेक्षकही टिकले पाहिजेत, असे मला मनापासून वाटते.

आकडेमोड

वरील उत्तरात संघांची बाजू नीट मांडली आहे, पण प्रश्न खेळाडूचा होता आणि तिथे आपल्या भाचीचे म्हणणे मला पटते. क्लार्कचा पहिल्या वर्षाचा पगार ७६,५३५ डॉलर होता, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ६४ लाख रुपये. तिचा ड्राफ्ट अमेरिकेत २४ लाखांहून अधिक लोकांनी पाहिला होता, तरीही त्या रकमेत एका डॉलरचीही वाढ मागण्याची तिला मुभा नव्हती. आपल्या सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधना हिला २०२३ च्या लिलावात ३ कोटी ४० लाख रुपयांची बोली लागली होती आणि तो हंगाम महिनाभराचाही नव्हता.

पगाराचे हे कोष्टक लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील करारात ठरते. करार होताना महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलींना त्या बैठकीत जागा नसते, आणि पुढे तो लागू मात्र त्यांनाच होतो. माझ्या मते खरा अन्याय इथे आहे. २०२० च्या करारातून बाहेर पडण्याचा निर्णय संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये घेतला, त्यामागे पगाराचे कारण प्रमुख होते.

आणखी एक गोष्ट भाचीला अवश्य सांगावी: निवड झाली म्हणजे नोकरी लागली, असे नाही. २०२४ मध्ये १२ संघ होते आणि प्रत्येकाला जास्तीत जास्त १२ खेळाडू ठेवता येत, म्हणजे साऱ्या लीगमध्ये मिळून १४४ जागा. त्या वर्षी ३६ नव्या मुली निवडल्या गेल्या, पण जुन्या खेळाडू जागा सोडतातच असे नाही, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतल्या अनेक जणींना सराव शिबिरातूनच परत पाठवले जाते. २०२१ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या चार्ली कॉलियरलाही डॅलसने २०२३ च्या हंगामाच्या तोंडावर संघातून वगळले होते. उलट १९९९ मध्ये बेकी हॅमनला कोणीच निवडले नव्हते. ती न्यूयॉर्क लिबर्टीच्या शिबिरातून संघात आली आणि २०२३ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बास्केटबॉलमधील थोरांच्या मानाच्या यादीत, पोहोचली.

मैदानावरचा प्रशिक्षक

मी मुलींना शिकवतो, म्हणून दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो. परदेशी खेळाडूला ज्या वर्षी २० वर्षे पूर्ण होतात, त्या वर्षीच्या ड्राफ्टसाठी ती पात्र ठरते. अमेरिकन मुलींसाठी ही अट २२ वर्षांची किंवा महाविद्यालयीन शिक्षण पूर्ण होण्याची आहे. चीनच्या हान शू हिला २०१९ मध्ये लिबर्टीने १४ व्या क्रमांकावर निवडले होते. आपल्या दक्षिण रेल्वेच्या गीतू अॅना जोसला २०११ मध्ये तीन संघांनी चाचणीसाठी बोलावले होते. करार झाला नाही, पण ते दार एका भारतीय खेळाडूने ठोठावले आहे.

इथली अडचण मैदानापासून सुरू होते. आपला बहुतेक सराव सिमेंटवर चालतो, उन्हाळ्यात ते दुपारी उशिरापर्यंत तापलेले असते आणि रबरी चेंडूचे दाणे लवकर घासून तो गुळगुळीत होतो. अशा मैदानाची सवय झालेली मुलगी लाकडी कोर्टवर उतरली की धावता धावता थांबताना तिचा पाय सरकतो आणि पिव्होट करताना, म्हणजे एक पाय रोवून वळताना, तोल जातो. तो दोष तिच्या कौशल्याचा नसतो. भाचीला राज्य निवड चाचणीच्या किमान महिनाभर आधी लाकडी कोर्ट मिळेल, अशी काही सोय करा. रेल्वेची भरतीही डोळ्यांसमोर ठेवा, कारण देशातील सर्वोत्तम महिला बास्केटबॉल अनेक वर्षे रेल्वेच्या संघात खेळले गेले आहे आणि तिथे खेळाबरोबर पोटापाण्याचीही सोय होते.

सात रस्ता

सर्वांचा अत्यंत आभारी आहे. प्रशिक्षक सर, अमेरिकेतील महाविद्यालयात शिष्यवृत्ती मिळाली, तर वीस वर्षांचा नियम तिला लागू राहील का?

मैदानावरचा प्रशिक्षक

राहणार नाही. तिथल्या महाविद्यालयाकडून खेळली की तिला अमेरिकन मुलींचाच नियम लागू होतो. तरीही शिष्यवृत्ती मिळत असेल, तर मी तीच वाट धरायला सांगेन, कारण संघांचे निवडकर्ते ते सामने सतत पाहत असतात आणि पदवीही हाती येते. त्यासाठी बारावीचे गुण आणि तिच्या पूर्ण सामन्यांचे चित्रीकरण लागेल. केवळ बास्केट झालेल्या क्षणांचे तुकडे पुरत नाहीत, बचाव करतानाची तिची हालचालही दिसली पाहिजे. पुढच्या जिल्हा स्पर्धेपासूनच ते चित्रीकरण सुरू करा.