मदत हवी आहे: ५० मीटर प्रोनमध्ये ग्रुप उभा फाटतोय, ट्यूनर बसवू का?

उद्यमनगरकर:

नमस्कार मंडळी. वाचतो रोज, लिहायची वेळ पहिल्यांदाच आली. मुलगी पॉइंट टू टू रायफलवर प्रोन (पालथं झोपून) आणि थ्री पोझिशन (गुडघ्यावर, झोपून, उभ्याने) मारते, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझा नेमबाजीशी संबंध एवढाच की गाडी मी चालवतो, डबा मी धरतो आणि मागच्या खुर्चीवर बसून स्क्रीनकडे बघतो. धंदा जॉबवर्कचा. उद्यमनगरात दोन लेथ आणि एक मिलिंग आहे, त्यामुळे लोखंड कळतं, नेम कळत नाही.

दिवाळीपर्यंत ६० शॉटला ६१७-६१८ यायचे. गेल्या तीन आठवड्यांत ६०३, ६०५, परत ६०३. मुलीचं म्हणणं शॉट चांगला सुटतो, कॉल (सुटताक्षणी शॉट कुठे गेला याचा तिचा अंदाज) दहाचा असतो आणि स्क्रीनवर ९.६ दिसतो. बघावं तर एक तर बरोबर बाराच्या काट्यावर नाहीतर सहाच्या. मी दहा-दहा शॉटचे ग्रुप, म्हणजे टार्गेटवर छिद्रं किती पसरली ते, मोजले: आडवा १२ मिमी, उभा २२-२३. मध्यापासून मध्यापर्यंत मोजलंय. आधी उभा १४ च्या आसपास असायचा.

रायफल आन्शुट्झची आहे, जुनी, अॅल्युमिनियमचा स्टॉक. दिवाळीनंतर गोळ्यांचा लॉट (एका खेपेचा माल) बदलला, कंपनी तीच.

एक ओळखीचे गृहस्थ त्यांचा ट्यूनर द्यायला तयार आहेत, म्हणतात बॅरलच्या तोंडाला लावा, ग्रुप मिटतो. दुसरे म्हणतात क्राउन (बॅरलच्या तोंडाची कड) खराब झाला असेल. लेथ घरचीच आहे, क्राउन नवीन मारायला मला वीस मिनिटं लागतील. (१ ऑगस्ट २०२४ ला स्वप्नील कुसाळेचं पॅरिसचं ब्राँझ आलं तेव्हापासून आमच्या गल्लीत प्रत्येक जण रायफलतज्ज्ञ आहे, पानवाल्यासकट.) काय करू?

जुनी पुंगळी:

काका, पहिली गोष्ट. बॅरलला लेथ लावू नका. शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे हत्याराच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो, तो तुमच्याकडे नसणार. शिवाय क्राउन गेला तर ग्रुप सगळीकडून फुगतो, असा काठीसारखा सरळ उभा राहत नाही.

आता काही विचारतो, नीट आठवून सांगा. लॉट बदलला त्याच सुमाराला आणखी काय काय बदललं? स्लिंग, हँडस्टॉप, जॅकेट, चष्मा? रायफल उघडली होती का? अॅक्शनचे (बोल्ट बसतो तो भाग स्टॉकला धरणारे) स्क्रू कुणी सोडले का?

प्रोनवाली:

मी स्वतः मारते म्हणून मधे बोलते. प्रोनमध्ये उभा ग्रुप म्हटलं की पहिला संशय श्वासावर जातो. श्वास सोडून जिथे थांबतो ती जागा दर शॉटला वेगळी असली की शॉट वर-खाली जातात. डावं कोपर मॅटवर सरकत असेल तरी तेच. पण तेव्हा कॉलही चुकतो. ताईचा कॉल दहाचा येतोय आणि शॉट ९.६ वर, म्हणजे मला तरी रायफल किंवा गोळी वाटते. एक सोपी परीक्षा: तीच रायफल, त्याच गोळ्या, दुसऱ्या एखाद्या चांगल्या नेमबाजाला द्या. त्यालाही उभाच आला तर ताईला बोलणं बंद करा. 🙂

वाऱ्याचं म्हणाल तर पॉइंट टू टूच्या बॅरलला उजवा पीळ असतो, त्यामुळे उजवीकडून वारा आला की शॉट डावीकडे आणि थोडा वर जातो, डावीकडून आला की उजवीकडे खाली. म्हणजे वाऱ्याचा ग्रुप तिरका पडतो, दहाच्या काट्यापासून चारच्या काट्याकडे. तुमचा सरळ उभा आहे, तेव्हा दोष वाऱ्याचा नाही.

उद्यमनगरकर:

दोघांचेही आभार. लेथचं नाव काढत नाही.

पुंगळी सर, तुम्ही विचारलंत म्हणून घरी विचारलं. जॅकेट, स्लिंग सगळं जुनंच. रायफल मीच उघडली होती, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी. आमच्याकडे मशिनी पुसतात तशी तीही पुसली. स्क्रू परत आवळले, टॉर्क रेंच लावला नाही, हाताच्या अंदाजाने. बोल्ट (गोळीमागे बंद होणारा भाग, पिन आणि स्प्रिंग यातच असते) साफ केला आणि आत थोडं ग्रीस भरलं, कोरडा वाटत होता.

जुनी पुंगळी:

कुठलं ग्रीस?

उद्यमनगरकर:

बेअरिंगचं. लेथच्या हेडस्टॉकला वापरतो तेच.

दहा पॉइंट नऊ:

😂😂 काका!

जुनी पुंगळी:

हसू नका रे, मी स्वतः १९९८ साली हेच केलंय, फक्त माझं सायकलचं होतं.

समजून घ्या. रिमफायरमध्ये, म्हणजे तुमच्या पॉइंट टू टूच्या गोळीत, पेट देणारा मसाला पुंगळीच्या कडेत असतो, पिन त्या कडेवर आदळते आणि तो पेटतो. दर वेळी फटका सारखा बसला तरच पेट सारखा घेतो. घट्ट ग्रीसमधून पिन जाताना कधी जोरात जाते, कधी रेंगाळते. फटका कमी-जास्त, तसा गोळीचा वेगही कमी-जास्त. आणि वेगातला फरक टार्गेटवर मुख्यतः उभाच दिसतो, आडवा फारसा नाही.

हिशोब करून बघा, तुम्ही आकड्यातले माणूस. गोळी साधारण ३२५ ते ३३० मीटर प्रति सेकंदाने निघते, ५० मीटरला तिला ०.१६ सेकंद लागतात. तेवढ्यात ती १२ सेंटिमीटरपेक्षा जास्त खाली येते. वेग १० मीटरने कमी झाला तर आणखी ८ मिलिमीटर. टार्गेटवर एका रिंगपासून दुसरीपर्यंतचं अंतरही ८ मिलिमीटरच. म्हणजे वेगात १० मीटरचा फेर पडला तर मुलीने शॉट कितीही सुंदर सोडला तरी एक पूर्ण पॉइंट हवेत गेला.

कुणाचा क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) मिळतो का बघा. तोवर एक करा: मारलेल्या दहा पुंगळ्या गोळा करून कडेवरचे पिनचे ठसे भिंगातून बघा.

उद्यमनगरकर:

बघितले. काल रात्री कारखान्यात दहा पुंगळ्या एका रांगेत उभ्या केल्या, वरून टेबल लॅम्प. भिंगाची गरजच पडली नाही. सहा पुंगळ्यांवर ठसा खोल, चौकोनी, कडा धारदार. तिघींवर नुसता दाबल्यासारखा, अंगठ्याने मेणावर दाबावं तसा. एक मधलीच. डेप्थ डायल लावावासा वाटला, पण मुलगी म्हणाली, बाबा आता पुरे.

क्रोनोग्राफ एका क्लबच्या मुलाकडून आणला. बालेवाडीला दहा शॉट मारले: कमीत कमी ३१४, जास्तीत जास्त ३३८. म्हणजे २४ चा फरक. तुमच्या हिशोबाने १९ मिमी यातच गेले. उरलेलं तिचं आणि गोळीचं नेहमीचं.

माझ्या हाताने पोरीचे चौदा पॉइंट घालवले. तीन आठवडे तिला श्वासावर लक्ष दे म्हणत होतो.

दहा पॉइंट नऊ:

सॉरी काका, मघाशी हसलो. पण निदान सापडलं तरी. आमच्या एकाने असाच दोष न शोधता नवीन बॅरल मागवलं होतं.

जुनी पुंगळी:

आता घाई करू नका आणि सगळं एकाच दिवशी बदलू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. आधी फक्त बोल्ट. सुटा करून सॉल्व्हंटने धुवा, स्प्रिंगच्या वेटोळ्यांतलंसुद्धा ग्रीस निघालं पाहिजे, पुसून पूर्ण वाळवा. पिनला तेलाचं बोट लागलं तरी पुष्कळ. लग आणि कॅमवर (बोल्ट अडकतो आणि फिरताना घासतो त्या जागा) टिपूसभर ग्रीस चालतं, पिनच्या आसपास नाही. स्प्रिंग किती जुनी आहे? माहीत नसेल तर नवीन टाकून घ्या, महाग नसते.

त्यानंतर, वेगळ्या दिवशी, अॅक्शनचे स्क्रू. टॉर्क रेंच तुमच्याकडे आहेच. या रायफलींना साधारण ४ ते ६ न्यूटन मीटर लावतात. ५ वर सुरू करा, दोन्ही आळीपाळीने थोडे थोडे आवळा. आणि आकडा वहीत लिहा. लिहिल्याशिवाय काही करायचं नाही, हा नियम.

प्रोनवाली:

आणि काका, गोळ्यांची कंपनी बदललीत तर पहिल्या वीस-तीस शॉटवरून काही ठरवू नका. प्रत्येकाचं मेण वेगळं, बॅरलमध्ये जुनं मेण जाऊन नवं बसेपर्यंत ग्रुप इकडेतिकडे होतो. तुमची कंपनी तीच आहे म्हणून प्रश्न नाही, पण पुढे लक्षात असू द्या.

माग्देबुर्ग मुक्काम:

जर्मनीत राहतो, म्हणून लॉटबद्दल थोडं लिहितो. इथून जवळच शोनेबेकला लापुआचा रिमफायरचा कारखाना आहे, तिथे टेस्ट रेंज आहे. मित्राबरोबर एकदा गेलो होतो. स्टॉक काढून नुसतं बॅरल आणि अॅक्शन शिकंज्यात धरतात, एकामागून एक लॉट दहा-दहा शॉटचे मारतात आणि ५० मीटर, १०० मीटर दोन्हीकडचे ग्रुप एकदम मोजतात. मित्राची रायफल एका लॉटला ५० मीटरवर १४ मिमीत बसली आणि त्याच कंपनीच्या, त्याच किमतीच्या दुसऱ्या लॉटला २१. डब्यावर फरक फक्त नंबराचा.

भारतातून रायफल घेऊन येणं सगळ्यांना जमत नाही, कागदपत्रंच एवढी असतात. पण क्लबमध्ये तीन-चार लॉट असतील तर प्रत्येकातला एकेक डबा मागून घरच्या घरी हीच परीक्षा करता येते. प्रत्येक लॉटचे चार ग्रुप, दहा-दहा शॉटचे. एका पाच शॉटच्या ग्रुपवर कधीही विश्वास ठेवू नका, तो नशिबाचा असतो.

उद्यमनगरकर:

दहा दिवसांनी लिहितोय. फक्त बोल्ट धुतला, स्प्रिंग नवीन घातली, बाकी काही हलवलं नाही. स्प्रिंग यायलाच आठवडा गेला. क्रोनोग्राफ: ३२२ ते ३३४. उभा ग्रुप १६. काल सकाळी ६० शॉट, ६१३.८.

पुंगळ्या पुन्हा रांगेत मांडल्या. दहाही सारख्या.

स्क्रू पुढच्या रविवारी, ५ न्यूटन मीटर, वही तयार आहे. जुन्या लॉटचे दोन डबे एका मुलीकडे निघालेत, ते नव्याशी ताडून बघणार.

ट्यूनरचं काय करावं ते मात्र सांगा. गृहस्थ रोज फोन करतात.

जुनी पुंगळी:

ट्यूनर वाईट नाही, पण तो शेवटचा. बॅरल शॉटच्या वेळी हलतं, तोंड वर-खाली होतं. हळू गोळी बाहेर पडताना तोंड जरा वर असेल आणि जोरातली पडताना जरा खाली, तर दोघी जवळजवळ एकाच जागी लागतात. ट्यूनर तोंडावरचं वजन पुढे-मागे करून ती वेळ जुळवतो. वेगात २४ चा फरक असताना तो लावला असता तर तुम्ही महिनाभर चकत्या फिरवत बसला असता, मधेच एखादा ग्रुप बरा आला असता आणि तुम्हाला वाटलं असतं जमलं. स्क्रू आणि लॉट ठरले की मग लावा. एक एक खूण पुढे, प्रत्येक ठिकाणी दहा शॉट, आणि बघायचं ते ग्रुपचा आकार नाही, उभा पसारा. स्पर्धेला नेण्याआधी इक्विपमेंट कंट्रोलला (साहित्य तपासणाऱ्यांना) दाखवून घ्या, वजन आणि लांबी मोजतात.

प्रोनवाली:

६१३! ताईला सांगा, आता श्वासावर लक्ष देऊ नकोस म्हणून. 😄

उद्यमनगरकर:

सांगितलं. म्हणाली, बोल्टला पुन्हा हात लावायचा नाही, आणि ग्रीसचा डबा कारखान्यातच ठेवायचा. ट्यूनर आणून ठेवलाय, अजून खोक्यातच आहे. लॉटचे आकडे आले की इथेच टाकतो.